आठवणींचा भोंगा

अलीकडे आमच्या सुशिक्षित समाजांत एक नवा छंद बळावत चालला आहे. जुनीं छायाचित्रें, जुनीं तांब्यापितळेचीं भांडीं आणि पडक्या वाड्यांचे दरवाजे गोळा करून झाल्यावर आतां जुन्या आवाजांची पाळी आली आहे. शहरांतील नित्याचे ध्वनि मोबाईलवर टिपून घ्यावे, ते एकापुढें एक जोडावे आणि चार स्नेह्यांस बोलावून ऐकवावे, म्हणजे हरपलेलें बाळपण घटकाभर परत येतें, अशी या छंदिष्टांची श्रद्धा आहे. श्रद्धा निरुपद्रवी असेल तर तिच्या वाटेस जाऊं नये, हें मलाहि मान्य आहे. परंतु ही श्रद्धा तशी निरुपद्रवी नाहीं. ती स्मृतीला खोटें बोलावयास शिकविते आणि ज्यांच्या श्रमांतून ते आवाज उठले त्या माणसांना पडद्याआड लोटते, असें माझें मत झालें आहे. तें कसें झालें, हें सांगण्यासाठीं हा लेख.

गेल्या पावसाळ्यांत एका परिचित गृहस्थांच्या घरीं अशा एका मैफलीस जाण्याचा योग आला. विषय होता मुंबई. दिवे मंद केले होते, कोपऱ्यांत दोन उत्तम ध्वनिक्षेपक मांडले होते आणि वीस-पंचवीस माणसें, बहुतेक पन्नाशीच्या अलीकडचीं-पलीकडचीं, डोळे मिटून बसलीं होतीं. प्रथम कावळे ओरडले. मग वासुदेवाच्या चिपळ्या वाजल्या. मग आकाशवाणीची सकाळची ती सुपरिचित धून, दुधाच्या बाटल्यांचा खणखणाट, कल्हईवाल्याची आरोळी, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार, ट्रामची घंटा, आणि अखेरीस गिरणीचा भोंगा. ट्रामच्या घंटेला माझ्या शेजारच्या गृहस्थांनीं डोळे पुसले. भोंगा सुरू झाला तेव्हां तर खोलींत कोणाचा श्वासहि ऐकूं येईना. खरें सांगावयाचें तर माझ्याहि अंगावर कांटा आला. कारण मी परळच्या एका चाळींत वाढलों, आणि माझ्या लहानपणीं सकाळ व्हावयाची ती समोरच्या गिरणीच्या भोंग्यानें.

चहाच्या वेळीं मीं दोन साधे प्रश्न विचारले. शेजारच्या गृहस्थांना त्यांचें जन्मसाल विचारलें. तें निघालें १९६८. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं धांवली. म्हणजे जी घंटा त्यांनीं जन्मांत रस्त्यावर ऐकली नाहीं, तिच्या आठवणीनें त्यांना रडूं कोसळलें होतें! मग यजमानांना विचारलें कीं, हा भोंगा कोणत्या गिरणीचा आणि कोणत्या सालीं मुद्रित केलेला? त्यांनीं अगदीं निर्व्याजपणें सांगितलें कीं, गिरणीचा भोंगा कोठें मिळाला नाहीं. म्हणून तयार आवाजांच्या एका परदेशी संग्रहांतून मिळताजुळता पाहून घेतला. तो बहुधा एखाद्या बोटीचा असावा.

शेजाऱ्यांना हंसण्याचा माझा अधिकार तेथेंच संपला. कोणत्या तरी अनोळखी बंदरांतल्या बोटीनें शीळ घातली आणि मला परळची पहाट दिसली! पण घरीं परततांना माझ्या मनांत एक गोष्ट पक्की झाली. कधींहि न ऐकलेल्या घंटेनें जर आठवण जागी होत असेल, आणि बोटीच्या शिटीनें जर गिरणगांव उभें राहत असेल, तर जें जागें होतें तिला आठवण हें नांव देणें चुकीचें आहे. ती हळवें होण्याची हौस आहे. आपण रडावयास तयार होऊनच बसलेलों असतों; आवाज केवळ निमित्त पुरवितो.

या छंदाच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य दावा असा कीं, ध्वनि हा स्मृतीची किल्ली आहे; तो जसाच्या तसा जपून ठेवला म्हणजे त्याच्यामागील काळहि जसाच्या तसा जपला जातो. या दाव्यांत दोन ठिकाणीं ‘जसाच्या तसा’ हे शब्द आले आहेत, आणि दोन्ही ठिकाणीं ते खोटे आहेत. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत एक प्रयोग वर्णिला आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक कथा त्यांनीं इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि कांहीं काळाच्या अंतरानें ती पुन्हां पुन्हां सांगावयास लावली. दर वेळीं कथा थोडी बदलली. सीलची शिकार जाऊन तिच्या जागीं साधी मासेमारी आली. आदिवासींच्या विशिष्ट होडीची सर्वसामान्य नांव झाली. जें जें अपरिचित होतें तें गळालें किंवा सांगणाऱ्याच्या ओळखीचें झालें. तात्पर्य हें कीं, आठवण म्हणजे कपाटांत घडी घालून ठेवलेलें पातळ नव्हे. ती दर वेळीं नव्यानें विणली जाते, आणि विणतांना आजचा दोरा तींत शिरतो.

असें असेल तर एकच ध्वनिमुद्रण पन्नास वेळां ऐकण्याचा परिणाम काय होईल, हें वाचकांनींच ठरवावें. पहिल्या वेळीं कदाचित् चाळीचा गज दिसेल. दहाव्या वेळीं ज्या दिवाणखान्यांत ती मैफल झाली तो दिवाणखाना दिसूं लागेल. पन्नासाव्या वेळीं त्या मुद्रणाखेरीज दुसरें कांहींच उरणार नाहीं. बाळपण जपण्यासाठीं ज्या डबींत तें ठेवावयाचें, ती डबीच तें खाऊन टाकते.

शिवाय कान कोणाचा, हा प्रश्न उरतोच. लहान मुलाचा कान सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा बारीक स्वर ऐकूं शकतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या कानांतून वरचे बरेचसे स्वर कायमचे गेलेले असतात. मूळ आवाज उद्यां परमेश्वरानें स्वतः आणून दिला तरी तो ऐकणारा कान आतां आमच्यापाशीं नाहीं. आणि ध्वनिग्राहक यंत्राला तर मनच नसतें. तें समोर येईल तें सगळें सारख्याच निर्विकारपणें टिपतें. मूल मात्र गोधडीच्या घडींतून ऐकतें. अर्ध्या झोपेंत ऐकतें. आज शाळेंत पाढे म्हणून दाखवावयाचे आहेत या धास्तीसकट ऐकतें. भोंगा मला कधींहि एकटा ऐकूं आला नाहीं. त्याच्यासोबत आई स्टोव्हला पंप मारीत असे, आणि वडील, जे म्युनिसिपालिटीच्या शाळेंत शिक्षक होते, मोरीजवळ खाकरत असत. त्यांतून भोंगा तेवढा सोलून काढला म्हणजे उरतें तें एक भोंकणें. तें परळचें असो वा परदेशी बंदराचें, फरक कोणाला पडतो?

खरी आठवण आमंत्रणानें येत नाहीं, ती अवचित येते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. तीन वर्षांपूर्वीं कोल्हापुराहून येतांना वाटेंत एका टपरीवर चहासाठीं थांबलों होतों. टपरीवाल्यानें जुना पितळी स्टोव्ह काढला आणि पंप मारला. त्या फुसफुसीनें माझी आई, जिला जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं, माझ्यासमोर पदर खोंचून उभी राहिली. मला चहा पिववला नाहीं. आतां मीं तो आवाज टिपून आणला असता आणि रोज रात्रीं ऐकला असता, तर काय झालें असतें? आठ दिवसांत ती फुसफुस टपरीची झाली असती आणि महिन्याभरांत कोणाचीहि राहिली नसती. तो आवाज मीं आणला नाहीं याचें मला आजहि समाधान वाटतें.

येथवरचा माझा आक्षेप स्मृतीच्या बाजूनें झाला. पण याहून मोठा आक्षेप न्यायाच्या बाजूनें आहे, आणि मुख्यतः त्याकरितांच मीं लेखणी उचलली आहे.

या मैफलींत कोणते आवाज असतात तें पाहावें. वासुदेव, कल्हईवाला, पिंजारी, कुल्फीवाल्याची घंटा, देवळांतली आरती, कोकिळा. सगळे गोड, सगळे चित्रांत शोभणारे. पण ज्या चाळींच्या आठवणींनीं हीं मंडळी गहिंवरतात त्या चाळींच्या भिंती पातळ होत्या, आणि त्यांतून आणखीहि पुष्कळ कांहीं ऐकूं येत असे. पहाटे चारला सार्वजनिक नळावर हंड्यांची आदळआपट आणि शिव्या ऐकूं येत. पलीकडच्या खोलींत क्षयाचा खोकला रात्रभर चाले. पगाराच्या रात्रीं जिन्यावर अडखळणारीं पावलें आणि मग एका बाईचें दाबलेलें रडणें ऐकूं येई. शाळेंतली छडी तर होतीच. या आवाजांनीं आमचें बाळपण घडविलें नाहीं काय? मग त्यांना मैफलींत स्थान कां नाहीं? उत्तर स्पष्ट आहे. त्यांनीं गहिंवर येत नाहीं. त्यांनीं लाज वाटते. जो संग्रह लाज वाटणारें सगळें वगळून उभा राहतो त्याला स्मृतीचा संग्रह म्हणतां येत नाहीं. तो आत्मगौरवाचा संग्रह आहे.

आणि जे आवाज निवडले जातात त्यांकडे तरी आपण कोणत्या कानांनीं पाहतों? पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचे ठोके हा अशा संग्रहांचा एक मोठा लाडका विषय आहे. तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा तो ठेका खरोखरच मोहक आहे. परंतु इटलीचे वैद्य रामाझिनी यांनीं कारागिरांच्या रोगांवर लिहितांना, अठराव्या शतकाच्या आरंभींच, व्हेनिसच्या तांबटांविषयीं नोंदवून ठेवलें आहे कीं, दिवसभर पत्रे ठोकून ठोकून त्यांचे कान अधू होतात आणि म्हातारपणीं ते पार बहिरे होतात. तीनशे वर्षें ही गोष्ट छापलेली आहे. ज्या ठोक्यांनीं आमचा कान तृप्त होतो ते ठोके मारणाऱ्याचा कान खातात, हें ऐकण्याइतका आमचा कान तिखट नाहीं!

मला हें शहाणपण ग्रंथांतून आलें, असा आव मी आणीत नाहीं. तें आमच्या शेजारच्या खोलींतून आलें, आणि फार उशीरां आलें. त्या खोलींत राहणारे गृहस्थ समोरच्या गिरणींत साचेखात्यांत होते. आम्ही मुलें त्यांना तात्या म्हणत असूं. तात्या ओरडून बोलत. मीठ मागावयाचें असलें तरी चाळीच्या दुसऱ्या टोंकाला ऐकूं जाईल अशा आवाजांत मागत. कोणी बोलूं लागलें म्हणजे ते त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याऐवजीं ओठांकडे पाहत. आम्हांला याची मोठी गंमत वाटे. त्यांच्यासमोर नुसते ओठ हालवावे, आवाज काढूं नये, आणि त्यांनीं तरीहि बरोबर उत्तर दिलें म्हणजे टाळ्या पिटून पळून जावें, हा आमचा खेळ होता. त्या खेळांत मी पुढारी होतों.

एकदां मावशींना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, बरें नव्हतें म्हणून त्यांचा डबा घेऊन मी गिरणीच्या दरवाजापर्यंत गेलों. आंत कोणी सोडलें नाहीं. परंतु दरवाजाबाहेर उभें असतांहि आंतला गडगडाट जमिनींतून तळपायांत चढत होता. साचेखात्यांतील आवाज शंभर डेसिबेलच्या घरांत असतो, हें मला पुढें वाचनांत आढळलें. तात्यांनीं त्यांत पंचवीस वर्षें काढलीं होतीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख माणसें त्यांत होतीं. तो संप कधीं रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. तो विरत गेला. आमच्या समोरचा भोंगा बंद झाला तेव्हां मी बारा वर्षांचा होतों. पहिल्या कांहीं दिवसांत मला त्याचा आनंदच झाला, कारण सकाळीं अर्धा तास अधिक झोंप मिळूं लागली. मग चाळींतल्या एकेका खोलीला कुलूप दिसूं लागलें. मे महिन्यांत तात्या आणि मावशी संगमेश्वरकडे आपल्या गांवीं गेलीं, तीं परत आलीं नाहींत. पुढें कांहीं गिरण्या अर्धवट चालू झाल्या, कांहीं कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, आणि जेथें साचे होते तेथें आज कांचेच्या इमारती उभ्या आहेत. गिरणगांवाच्या इतिहासांत सर्वांत मोठा आवाज कोणता, असें मला कोणी विचारलें तर मी त्या बंद भोंग्याकडे बोट दाखवीन. पण ती शांतता ध्वनिक्षेपकावर कशी वाजवावी?

त्या मैफलीनंतर दोन महिन्यांनीं मी मुद्दाम संगमेश्वरास गेलों. तात्या जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. मावशी ऐंशीच्या घरांत आहेत. पडवींत बसून त्या चिंचोके फोडीत होत्या. मीं भोंग्याची गोष्ट काढली. आठवतो का, असें विचारलें. त्या म्हणाल्या, “आठवायला काय झालं? मला यायचा ऐकायला. त्यांना कुठला? मीच हलवून उठवायची रोज.”

मी गप्प झालों. ज्या भोंग्यावर आम्ही सुशिक्षितांनीं एक अख्खी मैफल भिजवली, तो ज्याच्यासाठीं वाजत होता त्याला तो ऐकूंच येत नव्हता! आणि मावशी पुढें जें बोलल्या तें त्याहून कठीण होतें. “इथं आल्यावर सगळं शांत. पण त्यांना शांत नव्हतं. रात्रीं उठून बसायचे आन् म्हणायचे, साचे चालू आहेत. शेवटपर्यंत म्हणायचे.” अति मोठ्या आवाजानें कानाच्या आंतल्या नाजूक पेशी मेल्या म्हणजे त्या पुन्हां उगवत नाहींत, आणि कित्येकांना त्या बहिरेपणांतच एक अखंड घोंघावणें ऐकूं येत राहतें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. मुंबईच्या गिरणीचें अस्सल ध्वनिमुद्रण कोठें होतें, हें मला त्या पडवींत कळलें. तें तात्यांच्या कानांत होतें, आणि त्यांच्याबरोबर गेलें.

आतां माझ्यावर जे आक्षेप येतील त्यांचा विचार केला पाहिजे.

कोणी म्हणेल कीं, हा सारा निष्पाप विरंगुळा आहे; त्यावर एवढा दारूगोळा कशाला? विरंगुळ्याला माझा विरोध नाहीं. बर्लिनच्या वाल्टर रुटमन यांनीं १९३० सालीं चित्रांवांचून केवळ आवाजांची एक अकरा-बारा मिनिटांची रचना केली. कामाचा दिवस संपून सुट्टी लागते आणि पुन्हां काम सुरू होतें, एवढीच तिची कथा. ती कलाकृति आहे, आणि कलावंताला आवाज कापण्याचा-जोडण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु रुटमन यांनीं ती कोणाच्या बाळपणाची प्रत म्हणून विकली नाहीं. बोटीचा भोंगा गिरणीचा म्हणून ऐकविणें हा विरंगुळा नव्हे. खोट्या नाण्यावर राजाची मुद्रा उठविणें जसें, तसें तें आहे.

दुसरा आक्षेप दूरदेशीं असलेल्यांच्या वतीनें येईल. न्यू जर्सींत किंवा सिडनींत राहणाऱ्या मुलाला पुण्यांतल्या घरचा कुकरच्या शिटीचा आवाज ऐकून बरें वाटत असेल, तर तुमचें काय गेलें? कांहीं गेलें नाहीं. त्या मुलाला तो आवाज कोणाच्या स्वयंपाकघरांतला आहे हें ठाऊक असतें. आवाजामागें माणूस असतें, आणि तें हयात असतें. तसेंच आकाशवाणीच्या धुनेचें. वाल्टर कॉफमन नांवाच्या, मध्य युरोपांतून मुंबईस आलेल्या ज्यू संगीतकारानें ती रचली असें मानलें जातें. त्या मैफलींतला सर्वांत खरा आवाज तोच होता; कारण ती धून आम्हीं लहानपणींहि यंत्रांतूनच ऐकली होती आणि आजहि यंत्रांतूनच ऐकली. तेथें कोणाच्या श्रमाला आम्हीं झांकलें नाहीं, कीं कोणाच्या जागीं दुसऱ्याला उभें केलें नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो असा कीं, तुमचें म्हणणें मानलें तर कोणीच कांहीं टिपणार नाहीं, आणि आवाज तर नष्ट होत चालले आहेत. पुढच्या पिढ्यांना मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर काय ऐकूं येत होतें हें कसें कळावें? याला माझें उत्तर असें कीं, आवाज अवश्य टिपा, आजच्यापेक्षां शतपट टिपा. पण गहिंवर आणण्यासाठीं टिपूं नका. साक्ष म्हणून टिपा. साक्षीला कांहीं नियम असतात, आणि गहिंवराला ते नसतात, एवढाच काय तो माझा झगडा आहे.

एडिसननें १८७७ सालीं ध्वनिलेखक यंत्र तयार केलें आणि पुढच्याच वर्षीं एका मासिकांत त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. त्या यादींत अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें आहेत, पत्रलेखन आहे, संगीत आहे, आणि कुटुंबाची नोंदवही म्हणून एक उपयोग आहे: घरांतल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून, आणि मरणोन्मुखाचे शेवटचे शब्द. रस्त्यावरील आवाजांना त्या यादींत जागा नाहीं. एडिसनला जपावयाचें होतें तें माणूस, ज्याचें नांव ठाऊक आहे असें माणूस. रस्त्याचे आवाज शास्त्रशुद्ध रीतीनें टिपण्याचा मोठा उद्योग पुढें कॅनडांत झाला. शेफर या संगीतकारानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं व्हँकुव्हरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठांतून तो आरंभिला, आणि १९७३ सालीं त्या शहराच्या आवाजांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या. गोंगाटाकडेहि त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. शहराच्या ध्वनींचा अभ्यास करावयाचा तर कोणता आवाज वाढतो आहे, कोणता बुडतो आहे आणि त्याचा माणसाच्या जगण्याशीं काय संबंध आहे, हें विचारलेंच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ही अभ्यासकाची वृत्ति झाली. आपल्याकडे यंत्र आलें, वृत्ति आली नाहीं.

म्हणून माझ्या सूचना थोड्या आणि कोरड्या आहेत. प्रत्येक मुद्रणाबरोबर दिवस, वेळ आणि ठिकाण नोंदवावें. त्याखालीं सतारीचे सूर भरूं नयेत. आवाज माणसाच्या कामाचा असेल तर त्या माणसाला विचारल्यावांचून टिपूं नये, आणि त्याला आपल्या कामाविषयीं जें सांगावयाचें असेल तेंहि त्याच मुद्रणांत असावें. कल्हईवाल्याची आरोळी तर घ्यावीच, पण दिवसाकाठीं त्याला काय मिळतें हेंहि घ्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जे आवाज आज आपल्याला नकोसे वाटतात ते आधीं टिपावे.

कारण आजचीं मुलें ज्या आवाजांत वाढत आहेत ते वासुदेवाचे नाहींत. भाजीच्या गाडीवरील लहानशी पेटी मोबाईलवरून पैसे जमा होतांच इतके रुपये मिळाले म्हणून यांत्रिक आवाजांत ओरडते. पाठीमागें जाणारी मोटार कसली तरी धून वाजविते. मेट्रोंतली बाई दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील तें सांगते. शेजारची जुनी इमारत पाडण्याचें यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत धडधडत असतें. आम्ही या आवाजांवर नाक मुरडतों आणि दिवे मंद करून पिंजाऱ्याची धनुकली ऐकतों. आणखी चाळीस वर्षांनीं आमचीं नातवंडें त्या भाजीवाल्याच्या पेटीवर मैफल भरवतील आणि डोळे पुसतील. त्या वेळीं कोणी तरी त्यांना विचारावें कीं, ती पेटी ज्याच्या गाडीवर होती तो कोठून आला होता, रात्रीं कोठें निजत होता, त्या पेटीचें भाडें कोण भरीत होतें? याचें उत्तर त्यांना मिळावें असें वाटत असेल तर तें आज नोंदविलें पाहिजे, आणि तें नोंदविण्याचें काम आमच्यासारख्या निवांत, शिकल्यासवरल्या लोकांचेंच आहे.

मैफलीच्या यजमानांना मीं हें सगळें पत्रानें कळविलें. ते सज्जन आहेत, रागावले नाहींत. आपल्या संग्रहांतून बोटीचा भोंगा काढून टाकल्याचें त्यांनीं उलट टपालीं लिहिलें, आणि त्याऐवजीं काय घालावें असें विचारलें. मीं त्यांना लिहिलें कीं, जागा मोकळी ठेवा आणि तेथें गिरणीचा भोंगा होता, तो मिळाला नाहीं, एवढें वाचून दाखवा.

माझ्यापाशींहि आतां एक मुद्रण आहे. मावशींच्या परवानगीनें घेतलेलें, साडेचार मिनिटांचें. त्यावर दिनांक आहे, गांव आहे, त्यांचें पूर्ण नांव आहे. त्यांत चिंचोके फुटण्याचा आवाज येतो, मागें एक कोंबडा ओरडतो, आणि मावशी तात्यांना रोज पहाटे कशा हलवून उठवीत तें सांगतात. त्यांत भोंगा कोठेंहि नाहीं.